गोव्यातील खाणपट्ट्याचे ऐतिहासिक स्थलनिर्देशक नकाशे

गोव्याच्या पूर्व भागातील सह्याद्रीच्या सोंडा व त्यांच्या पायथ्याचे जांभ्याचे सडे (सपाट पठारे) यांवर पसरलेल्या लोह-मँगनीज खनिजपट्ट्याचा उंचसखलपणा, जलप्रवाह, वाटा, वस्त्या व हद्दी दाखविणारे, साधारणपणे एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार झालेले नकाशे. यांत ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वेक्षणाने शेजारचा मुलूख म्हणून काढलेले तक्ते, पोर्तुगीज प्रशासनाने रेखाटलेले प्रादेशिक नकाशे, खाण-परवान्यांना जोडलेले मोठ्या प्रमाणाचे (लहान क्षेत्र तपशिलाने दाखविणारे) आराखडे आणि १९६१ नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने प्रसिद्ध केलेली १:५०,००० प्रमाणाची पत्रके यांचा समावेश होतो. केवळ किनारा, बंदरे व तिसवाडी बेट दाखविणारे जुने सागरी नकाशे या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत, परंतु डोंगराळ भाग इतका उशिरा कागदावर का आला हे समजण्यासाठी त्यांचा उल्लेख करावा लागतो.

खनिजपट्टा वायव्येस पेडणे तालुक्यातील नायबागपासून आग्नेयेस सांगे तालुक्यातील साळगिणीपर्यंत सुमारे ९५ किमी. लांब असून डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे व केपे या तालुक्यांतून तिरपा जातो. भूवैज्ञानिकांनी ‘गोवा समूह’ म्हणून गणलेल्या खडकांत बार्से, सावर्डे, डिचोली व वाघेरी असे चार शैलसमूह मानले जातात. लोहखनिज मुख्यतः त्यांतील डिचोली शैलसमूहाच्या पट्टेदार हेमाटाइट-क्वार्ट्‌झाइटशी निगडित आहे. पट्टेदार खडक झिजेला दाद देत नाही, त्यामुळे त्याची धार डोंगरमाथ्याच्या रूपाने उभी राहते, तर आजूबाजूचा फायलाइट हा मऊ खडक झिजून दऱ्या होतात. समोच्च रेषांच्या नकाशावर वायव्य-आग्नेय दिशेने एकामागून एक रांगणाऱ्या अरुंद टेकड्या दिसतात, त्या याच कारणाने. भूविज्ञानाचा नकाशा हाती नसलेल्यालाही समोच्च रेषांच्या वळणावरून खनिजाची दिशा ओळखता येते, आणि पहिल्या खनिजशोधकांनी बहुधा हेच केले असावे.

सतराव्या शतकापर्यंतच्या नकाशांत हा मुलूख जवळजवळ कोरा आहे. डच प्रवासी लिन्स्खोतेनच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथातील गोव्याचा प्रसिद्ध नकाशा शहरातील रस्ते, चर्च व बाजार बारकाईने दाखवितो. पोर्तुगीज बखरकार बोकारू यांच्या १६३५ च्या किल्लेविषयक ग्रंथातील पेद्रु बार्रेतु दि रेझेंदी यांची चित्रे तटबंदी व नदीमुखांपुरती आहेत. याचे कारण राजकीय आहे. तिसवाडी, बारदेस व सासष्टी या ‘जुन्या काबिजादी’ सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे आल्या, पण फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे व काणकोण हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः १७६३ ते १७८८ या काळात टप्प्याटप्प्याने ‘नव्या काबिजादी’ म्हणून त्यांच्या ताब्यात आले. आज ज्याला खाणपट्टा म्हणतात तो जवळजवळ संपूर्ण नव्या काबिजादीत आहे. सत्तरीत राण्यांची बंडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होती. अशा मुलखात साखळी, ध्वज व दुर्बीण घेऊन हिंडणे मोजणीदारांना सोपे नव्हते.

ब्रिटिशांच्या बाजूने या डोंगरांची मोजणी आधी झाली असे मानण्यास जागा आहे. ब्रिटिश मोजणी अधिकारी विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेले त्रिकोणीकरण, म्हणजे एक ज्ञात बाजू व कोन यांवरून दूरची ठिकाणे निश्चित करण्याची मोजणी, पुढे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून देशभर पसरले व त्याची एक शाखा दक्षिण कोकणच्या किनाऱ्यालगत उतरली. सह्याद्रीच्या माथ्यावरील बेळगाव व कारवारकडील ठाण्यांवरून गोव्याच्या हद्दीतील शिखरे नजरेस पडत, आणि परकी हद्दीत पाऊल न ठेवताही त्यांचे कोन घेता येत. १८२७ पासून निघू लागलेल्या ‘इंडियन ॲटलस’च्या, इंचास चार मैल प्रमाणाच्या कोरीव तक्त्यांत डोंगर छायारेषांनी दाखविले आहेत. ब्रिटिश हद्दीतील उतार दाट रेघांनी भरलेले व पोर्तुगीज हद्दीतील विरळ, असा फरक अशा तक्त्यांत सहसा आढळतो. हा फरक जमिनीचा नसून मोजणीचा आहे, हे न ओळखल्यास सत्तरी उगाचच सपाट वाटते.

डोंगरउताराच्या प्रत्यक्ष पातळीमोजणीला चालना मिळाली ती रेल्वेमुळे. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडण्याचे ठरले आणि मुरगाव ते कॅसलरॉक हा मार्ग १८८० च्या दशकात बांधून पूर्ण झाला. कुळेपासून वर दूधसागरच्या कड्याला वळसा घालत जाणाऱ्या ब्रागांझा घाटात सुमारे ४० मीटर अंतराला १ मीटर चढ राखण्यासाठी प्रत्येक ओहोळ, खिंड व कडा पातळीयंत्राने मोजावा लागला. ही मोजणी एका अरुंद पट्टीपुरती असली, तरी तिने समुद्रसपाटीपासूनची भरवशाची उंची डोंगरात आणून सोडली.

सोंसोगडची उंची. गोव्याच्या डोंगरांच्या नकाशांविषयी सर्वाधिक घोळ ज्या आकड्याभोवती झाला आहे तो सत्तरीतील सोंसोगड या सर्वोच्च मानल्या गेलेल्या शिखराचा. एका परंपरेत ही उंची सुमारे १,१६६ किंवा १,१६७ मी. दिली जाते, दुसरीत १,०२६ मी. दोहोंतील अंतर १४० मी., म्हणजे चाळीसएक मजली इमारतीएवढे आहे. पहिल्या आकड्याचा माग ‘इंपीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया’च्या १९०८ मधील बाराव्या खंडापर्यंत नि:संशय काढता येतो. तेथे सोंसोगड ३,८२७ फूट, कातलांची माउली ३,६३३ फूट, वाघेरी ३,५०० फूट व मोर्लेगड ३,४०० फूट अशी यादी आहे. गॅझेटियरच्या गोवाविषयक मजकुराचा पाया जे. एन. द फोन्सेका यांच्या १८७८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील प्रादेशिक वर्णनात आहे असे सामान्यतः मानले जाते, त्यामुळे आकडे त्याच सुमाराचे किंवा त्याहून जुने असावेत.

हे आकडे मुळात कोणाचे, यावर दोन मते संभवतात. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मीटरमध्ये केलेल्या मोजणीचे फुटांत रूपांतर झाले, हे पहिले मत. पोर्तुगालने मेट्रिक पद्धत १८५२ च्या हुकुमाने स्वीकारलेली असल्यामुळे ते वरवर पटते. मात्र गणित त्याला साथ देत नाही. १,१६६ मी. म्हणजे ३,८२५ फुटांहून किंचित अधिक आणि १,१६७ मी. म्हणजे जवळजवळ ३,८२९ फूट. मधला ३,८२७ हा आकडा कोणत्याही पूर्ण मीटरपासून निघत नाही. कातलांची माउलीचीही हीच गत आहे : १,१०७ मी. घेतल्यास ३,६३२ फूट येतात, १,१०८ घेतल्यास ३,६३५, आणि ३,६३३ दोहोंच्या मध्ये राहतो. दोन्ही आकडे मुळातच फुटांत मोजले गेले, म्हणजे ते ब्रिटिश त्रिकोणीकरणातील दूरस्थ निरीक्षणांतून आले, हे दुसरे मत म्हणून अधिक ग्राह्य वाटते. यादीतील उरलेले दोन आकडे शून्यांनी संपतात व ते अंदाजाचे दिसतात. वाघेरीच्या बाबतीत हा अंदाज बराच फसला आहे. ३,५०० फूट म्हणजे १,०६७ मी. होतात, तर अलीकडच्या याद्यांत वाघेरीची उंची सुमारे ७२५ मी. दिली जाते. एकाच यादीत मोजलेले व अंदाजलेले आकडे शेजारी शेजारी बसले आणि छापल्यावर दोघांनाही सारखेच वजन आले.

१,०२६ मीटरच्या आकड्याने पहिला आकडा रद्द होतो असे मात्र म्हणता येत नाही. हा आकडा उपग्रहाधारित उपकरणांचा धरला, तर ती उपकरणे लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीचा गणिती आकार मानलेल्या किंचित चपट्या गोलापासूनची उंची मोजतात. गोव्याच्या परिसरात सरासरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या सुमारे ७० ते ९० मी. खाली असल्याने दुरुस्ती न केलेले वाचन तेवढे कमी येते. एवढ्याने १४० मीटरचा फरक भरून निघत नाही. सत्तरीच्या घाटमाथ्यावर एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोंडेवर अनेक टेकाडे असतात व खालच्या गावातून जे टोक ‘गड’ म्हणून दिसते ते नेहमीच सर्वांत उंच असते असे नाही. दोन्ही आकडे वेगवेगळ्या बिंदूंचे असणे हाच उलगडा सर्वांत कमी ओढाताणीचा आहे.

स्थलनामे. पोर्तुगीज लेखनपद्धतीत नाव उतरले की त्याचे मूळ रूप झाकले जाते. शब्दाच्या शेवटचे ‘एम’ हे अक्षर तेथे स्वतंत्र व्यंजन नसून अनुनासिकाची खूण आहे. ‘मोर्लेम’ म्हणजे मोर्लें, ‘पिस्सुर्लेम’ म्हणजे पिसुर्लें, ‘केपेम’ म्हणजे केपें. मूर्धन्य ‘ड’साठी पोर्तुगीजांकडे अक्षर नसल्याने त्याच्या जागी ‘र’ आला आणि अस्नोड्याचे ‘आसोनोरा’, नानोड्याचे ‘नानोरा’, कुडचड्याचे ‘कुर्चोरेम’ झाले. याच न्यायाने ‘सोंसोगोर’मधील ‘गोर’ हा गड होय आणि ‘मोर्लेमचोगोर’ हे ‘मोर्लेंचो गड’ या साध्या कोंकणी षष्ठीचे रोमी लेखन होय. इंग्रजी पत्रकांनी ही रूपे तशीच उचलली. पुढे त्यांवरून देवनागरी पाट्या रंगविताना शेवटचे ‘म’ उच्चारले जाऊ लागले, म्हणून ज्या गावाला कोणी कधी ‘सांगेम’ म्हटले नाही त्या गावाला नकाशात ‘सांगेम’ म्हणावे लागते. नकाशांच्या तुलनेत याचा त्रास प्रत्यक्ष होतो, कारण ‘कोलेम’ व ‘कुळे’ ही दोन ठिकाणे समजून एकच स्थानक दोनदा नोंदविले जाते. याउलट, व्हाळ (ओढा), कोंड (डोह), झर, सडा, मोरड (उंचावरची भातजमीन), कुळागर (सुपारीची बाग) यांसारखे भूरूपवाचक शब्द वाडीच्या नावात टिकले असतील, तर खाणीने पुसून टाकलेली जमीन पूर्वी कशी होती याचा तो उत्तम पुरावा ठरतो. एखाद्या वाडीच्या नावात ‘झर’ आहे आणि आज तेथे पाणी नाही, तर जुन्या पत्रकावर त्या जागी निळी रेघ शोधण्यास हरकत नाही.

परवान्यांचे आराखडे. पोर्तुगीज वसाहतींतील खाणकामाचे नियमन २० सप्टेंबर १९०६ च्या हुकुमाने होत असे. खनिज सापडल्याची नोंद करणारा ‘मानिफेस्तु’ प्रथम दाखल होई आणि पुढे ‘तितुलु दि कोंसेसांव’, म्हणजे कायम सवलतीचा दस्तऐवज मिळे. गोव्यातील त्या काळच्या खाणींना क्रमांक व वर्ष यांनी बनलेल्या ‘टी. सी.’ क्रमांकानेच ओळखतात. साधारणपणे १०० हेक्टरांपर्यंतच्या या सवलतींना सीमाखुणा दाखविणारा आराखडा जोडलेला असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परदेशी कंपन्यांनी डिचोली भागात चाचपणी केली, पण आराखड्यांचा खरा लोंढा दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानी पोलाद कारखान्यांची मागणी सुरू झाल्यावर १९५० च्या दशकात आला. या आराखड्यांत अंतरे व कोन काळजीपूर्वक लिहिलेले असतात, परंतु आरंभबिंदू म्हणून एखादे देऊळ, ओहोळाचा संगम, मोठा कातळ किंवा शेजारच्या सवलतीचा खांब घेतलेला असतो. ओहोळ डंपखाली, म्हणजे टाकाऊ माती-दगडांच्या ढिगाखाली गेला किंवा कातळ खाणीच्या पायऱ्या (बेंच) पाडताना फुटला की सर्व अंतरे जागच्या जागी राहून अख्खा आराखडा लोंबकळता होतो. शेजारी शेजारी असलेल्या दोन सवलतींच्या सामाईक कडा कागदावर एकमेकींवर चढलेल्या किंवा मध्ये फट राहिलेल्या दिसतात, त्याचे मूळ बहुतेक वेळा येथे आहे.

याच दशकात गोव्याच्या भूरचनेचा पहिला सलग अभ्यास झाला. गेरहार्ट ओर्टेल यांनी गोवा जिल्ह्याच्या भूविज्ञानावर लिहिलेला प्रबंध १९५८ मध्ये पोर्तुगालच्या भूवैज्ञानिक सेवेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेल्या भारत-पाकिस्तानच्या १:२,५०,००० मालिकेतही गोवा येतो, मात्र त्या प्रमाणावर एखादी संपूर्ण खाण चार मिलिमीटरांत मावते.

भारतीय सर्वेक्षण विभागाची पत्रके. १९ डिसेंबर १९६१ नंतर गोवा भारताच्या पत्रक-योजनेत रीतसर आला. या योजनेत ७२° ते ७६° पूर्व व १२° ते १६° उत्तर हा चौकोन ४८ क्रमांकाचा असून गोवा त्यातील ‘ई’, ‘आय’ व थोडा ‘जे’ या एक अंशाच्या पोटचौकोनांत पडतो. त्यांचे प्रत्येकी १६ भाग केले की १५ मिनिटांची, १:५०,००० प्रमाणाची पत्रके मिळतात. डिचोली व शिरगाव ४८ ई/१४ मध्ये, वाळपई व पिसुर्लें ४८ आय/२ मध्ये, कोडली ४८ आय/३ मध्ये आणि सांगे ४८ आय/४ मध्ये येते. १५°३०′ उत्तर व ७४° पूर्व यांचा छेदबिंदू नेमका डिचोली तालुक्याच्या दक्षिणेस, मांडवीच्या खोऱ्यात पडत असल्यामुळे गोव्यातील एका दाट खाणभागासाठी चार पत्रके कडेला कड लावून जोडावी लागतात. जुन्या कचेऱ्यांतून कापडावर डकविलेल्या अशा जोडपत्रकांवर घडीची रेघ पाळी-सुर्लच्या अंगाला गेलेली व नेमका तोच भाग बोटांनी झिजलेला आढळतो.

या पत्रकांवर समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, जंगल हिरवे, लागवड पिवळी व वस्ती लाल असते. रेषांमधील अंतर बहुधा २० मी. असते. वीस मीटरहून कमी उंचीचा उंचवटा त्यामुळे रेषांत न सापडता निसटू शकतो, आणि जांभ्याच्या सड्याची सरळ तुटलेली कडा हमखास अशीच निसटते. तेथे कड्याच्या दातेरी खुणेशेजारी ‘५आर’ असा आकडा दिसल्यास त्याचा अर्थ सापेक्ष उंची ५ मी. असा होतो. समुद्रसपाटीची उंची समजून तो वाचणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आहे. खाणीचा खड्डा व डंप यांना सुरुवातीच्या आवृत्त्यांत फारसे स्थान नाही. शिरगावासारख्या, लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाभोवती पुढे खड्डे खोदले गेले, पण मुक्तीनंतर काही वर्षांतच झालेल्या मोजणीच्या पत्रकावर डोंगराच्या बंद वर्तुळाकार रेषा अद्याप शाबूत असतात. पुढील आवृत्त्यांत त्याच वर्तुळांवर आत वळलेल्या आडव्या काड्या येतात, म्हणजे डोंगराची खूण खड्ड्याची होते. म्हणून पत्रकावरील छपाईचे वर्ष दुय्यम मानावे व समासात दिलेले मोजणीचे वर्ष आधी पाहावे. दोहोंत दहा-पंधरा वर्षांचे अंतर असणे नवल नाही, आणि खाणपट्ट्यात तेवढ्या अवधीत टेकडी उरत नाही. एक टन विकाऊ खनिजामागे अडीच ते तीन टन माती-दगड काढावा लागत असल्याने खड्डा एका जागी व नवी टेकडी दुसऱ्या जागी, असा दुहेरी बदल होतो.

या पत्रकांचा प्रसार दीर्घकाळ अगदी मर्यादित राहिला. किनारा व सरहद्दीपासून सुमारे ८० किमी. पट्ट्यातील मोठ्या प्रमाणाचे नकाशे संरक्षणाच्या कारणाने निर्बंधित असत, आणि गोव्याची पूर्व-पश्चिम रुंदी जास्तीत जास्त ६०-६५ किमी. असल्याने अख्खा गोवाच या पट्ट्यात सापडला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या मालिकेची पत्रके वेगळी काढली व २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निर्बंध आणखी सैल केले. खुल्या मालिकेची पत्रके डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक संदर्भावर बेतलेली आहेत, तर जुनी एव्हरेस्ट लंबगोलावर. एकाच टोकाचे अक्षांश-रेखांश दोन्हींत घेतल्यास गोव्याच्या भागात शंभर मीटरहून अधिक घसरण येते. शंभर हेक्टरांची चौकोनी सवलत प्रत्येक बाजूस एक किलोमीटर असते, हे ध्यानात घेता ही घसरण हद्दीच्या वादात निर्णायक ठरू शकते.

सांगे-केपेच्या दक्षिण भागाची, विशेषतः रिवण-कोळंब-कावरे परिसराची नकाशासामग्री उत्तरेच्या मानाने तुटपुंजी आहे. तेथे मँगनीजच्या लहान खाणी विखुरलेल्या होत्या. कुर्डी गावाची नोंद मात्र महत्त्वाची आहे. साळावली धरणाच्या जलाशयात १९८० च्या दशकात हे गाव बुडाले व तेथील महादेवाचे प्राचीन देऊळ दगड सुटे करून दुसरीकडे उभारण्यात आले. धरणापूर्वीच्या ४८ आय/४ पत्रकावर गावाची घरे, शेतवाट व नदीचा मूळ घाट दिसतो. मे महिन्यात पाणी ओसरल्यावर वर येणाऱ्या भिंतींशी ताडून पाहण्याचा तो सर्वांत सोयीचा आधार आहे.

जुन्या पत्रकांना न्यायालयीन महत्त्व आले ते १९८७ च्या कायद्याने. त्या कायद्याने पोर्तुगीज सवलती रद्द करून २० डिसेंबर १९६१ पासून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर केले, मात्र जमिनीवरील सीमा त्याच जुन्या आराखड्यांवर टेकलेल्या राहिल्या. चीनच्या मागणीच्या काळात, २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला ४ कोटी टनांच्या पुढे लोहखनिज निर्यात होऊ लागले तेव्हा भाडेपट्ट्याबाहेरील उत्खननाचा प्रश्न पेटला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, त्याच महिन्यात खाणकाम थांबले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात भाडेपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरविले. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. या वादांत मूळ जमिनीची पातळी काय होती हे वारंवार विचारले गेले. त्यासाठी १९६० च्या दशकातील पत्रकांना पूरक म्हणून १९६० ते १९७२ या काळातील अमेरिकी ‘कोरोना’ उपग्रहांची, १९९५ मध्ये खुली झालेली छायाचित्रे उपयोगी पडतात. फेब्रुवारी २००० मधील अंतराळयानाने रडारद्वारे घेतलेले उंचीचे आकडे मोठ्या निर्यातवाढीच्या ऐन आधीची स्थिती दाखवितात. मात्र रडारच्या आकड्यांत अरुंद माथा आजूबाजूच्या उताराशी मिसळून बुटका होतो व दाट जंगलात झाडांचे शेंडे जमीन म्हणून मोजले जातात. सत्तरीच्या रानात त्यांवरून काढलेली समोच्च रेषा जुन्या पत्रकावरील रेषेच्या वर-खाली झाल्यास प्रथम झाडी पाहावी, खाण नंतर.